पडझडीची अर्धी गोष्ट

इंग्लंडमधील जमीनदारी हवेल्यांविषयीच्या लेखनाचा स्थायीभाव शोक आहे. शेतमालाचे भाव १८७० नंतर कोसळले. १८९४ साली मृताच्या मालमत्तेवर नवा कर बसला आणि १९४९ पर्यंत सर्वांत मोठ्या मालमत्तांसाठी तो ८० टक्क्यांवर गेला. दोन महायुद्धांत अनेक हवेल्या लष्कराकडे गेल्या. १९७४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने पाडल्या गेलेल्या हजाराहून अधिक हवेल्यांचे प्रदर्शन भरवले. इव्हलिन वॉ यांच्या ‘ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड’ (१९४५) या कादंबरीचा सूरही हाच. हा शोक खोटा नाही. पण तो गोष्टीचा शेवटच तेवढा सांगतो. हवेली उभी राहिली कशी, हा प्रश्न त्यात सहसा येत नाही.

बर्कशरमधील बॅसिल्डन पार्कचे उदाहरण घेऊ. ही हवेली बांधणारा फ्रान्सिस साइक्स ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. १७६५ साली बंगालची दिवाणी कंपनीच्या हाती आली, तेव्हा मुर्शिदाबादच्या दरबारी तो कंपनीचा रेसिडेंट झाला. महसुलावर हुकमत आणि जोडीला खासगी व्यापार, यांतून तो गबर झाला. तो मायदेशी परतला त्याच सुमारास बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. १७७१ साली त्याने बॅसिल्डनची जमीन घेतली आणि १७७६ पासून वास्तुशिल्पी जॉन कार याच्याकडून हवेली बांधून घेतली.

त्या काळच्या इंग्रजांना हा पैसा कुठला, हे पक्के ठाऊक होते. ‘नवाब’ या शब्दाचे ‘नेबॉब’ करून त्यांनी अशा नवश्रीमंतांसाठी शिवीच घडवली. १७७२ साली सॅम्युएल फूटचे ‘द नेबॉब’ हे प्रहसन रंगभूमीवर आले. त्यातला मॅथ्यू माइट हिंदुस्थानातून पैसा घेऊन येतो आणि एका जुन्या घराण्याला कर्जात अडकवून त्यांची मुलगी मागतो. संसदेची जागाही त्याला विकतच हवी असते. दोनच वर्षांनी शाफ्ट्सबरीतून निवडून आलेल्या साइक्सची निवडणूक लाचखोरीमुळे रद्द झाली. पण फूटला कळवळा आहे तो जुन्या इंग्रज घराण्यांचा. बंगालची रयत त्याच्या हास्याच्या कक्षेबाहेरच राहते. विस्मरणाची सुरुवात इथे, उपहासातच झालेली दिसते.

पुढची पडझड नेहमीच्या वाटेने झाली. साइक्सच्या हयातीत आतली काही सजावट अपुरीच राहिली. त्याच्या नातवाने १८३८ साली हवेली कापडव्यापारी जेम्स मॉरिसन याला विकली. अष्टकोनी दालन त्याने पुरे केले. विसाव्या शतकात एका सट्टेबाजाने सबंध हवेली सुटी करून अमेरिकेत नेण्याची टूम काढली. ती फसली, पण तिच्यातले नक्षीकाम न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात पोचले. इलिफ दांपत्याने १९५२ नंतर हे भग्नावशेष सावरले. कारचेच काम झालेल्या लिंकनशरमधील पँटन हॉलचे दरवाजे आणि चुलखंडाच्या चौकटी त्यांनी आणून बसवल्या. एक हवेली मेली, तिच्या अवयवांवर दुसरी जगली. १९७८ साली ती नॅशनल ट्रस्टला दिली गेली.

२००५ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ चित्रपटात बॅसिल्डन हे बिंगलेचे नेदरफील्ड झाले. ऑस्टेनच्या कादंबरीत बिंगलेचा पैसा उत्तर इंग्लंडमधील व्यापाराचा आहे आणि लेखिका ते लपवत नाही. चित्रपटात मात्र दगडी भिंतींवरचे सोनेरी ऊन तेवढे लक्षात राहते. नॅशनल ट्रस्टने २०२० साली आपल्या वास्तूंचे वसाहती आणि गुलामगिरीशी असलेले संबंध अहवालातून मांडले, तेव्हा देशभर गहजब झाला. इतिहासाने सौंदर्य नासवले, अशी तक्रार होती. ती मला पटत नाही. कारच्या जिन्याची डौलदार चढण मुर्शिदाबादच्या हिशेबामुळे उणी ठरत नाही. तिची किंमत कोणी मोजली, एवढेच त्यातून कळते. ढासळलेल्या छतासाठी रडणाऱ्या साहित्याने त्याच छताखालचा पाया पाहिला, तर त्याच्या शोकाला वजन येईल.