‘तारण’, ‘कृपा’ आणि गोदाकाठचे सोवळे : ‘स्मृतिचित्रे’च्या वाचनातील एक दुर्लक्षित अंग

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’विषयी मराठी समीक्षेने विपुल लिहिले आहे. मात्र त्या लेखनाचा रोख बहुधा निवेदनातील निर्व्याजता, विनोदाची प्रसन्न जाण आणि टिळक दांपत्याच्या सहजीवनाचा विलक्षण पट यांवरच राहिला. धर्मांतर हा त्या पटातील एक कौटुंबिक आघात म्हणून वाचला गेला. मनुष्याचे तारण त्याच्या कर्माने नव्हे, तर केवळ ईश्वरी कृपेने आणि तेही ख्रिस्ताच्याच द्वारे होते, ही त्यामागची धर्मकल्पना जणू संहितेबाहेरची, मिशनच्या पुस्तिकांतून वावरणारी गोष्ट! ‘स्मृतिचित्रे’त या सिद्धांताची चर्चा जवळजवळ नाही, हे खरेच. पण चर्चा नसणे आणि आशय नसणे यांत अंतर आहे. येथे सिद्धांत निवेदनाच्या रचनेत मुरलेला आहे, आणि त्याचे मूळ नाशिकजवळच्या जलालपुरात आहे.

आत्मचरित्राच्या आरंभी येतात ते लक्ष्मीबाईंचे वडील. 1857च्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना इंग्रजांनी फाशी दिले. त्या आघाताचे पर्यवसान वडिलांच्या सोवळ्याच्या वेडात झाले. घरात येणारी प्रत्येक वस्तू, धुता येण्यासारखी आणि न येण्यासारखीही, पाण्यातून गेल्यावाचून शुद्ध होईना. आणि एवढे करूनही ती शुद्ध झाल्याची खात्री पटेना. समीक्षक या प्रकरणाकडे व्यक्तिचित्रणाचा नमुना म्हणून पाहतात. लक्ष्मीबाईंचा विनोद येथे इतका सहज आहे, की त्याखालची भीती वाचकाच्या चटकन ध्यानी येत नाही. गोदावरीला ‘गंगा’ म्हणणाऱ्या परिसरात, पापक्षालनासाठी देशभरातून लोक ज्या रामकुंडावर येतात त्याच्या वरच्या अंगाला, एक मनुष्य आयुष्यभर धूत बसला आहे आणि धुणे संपत नाही. पराकोटीला गेलेल्या कर्माचेच हे चित्र आहे. दोष कर्मात नाही, कर्त्यात नाही. कितीही केले तरी ‘पुरे झाले’ असे सांगणारे कोणी नाही, हे त्याचे मर्म.

पौलाच्या रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत ‘नियमशास्त्राच्या कर्मां’ना जे स्थान आहे, ते ‘स्मृतिचित्रे’त सोवळ्याला आहे. युरोपात ल्यूथरने सोळाव्या शतकात कृपेचा सिद्धांत मांडला तेव्हा त्याच्यासमोर पापक्षमेची विकत मिळणारी पत्रे होती. जलालपुरात तशी पत्रे नव्हती, पाणी होते. एकाच सिद्धांताचा प्रतिपक्ष असा प्रत्येक भूमीत नव्याने शोधावा लागतो, आणि तो न शोधता केलेला धर्मप्रचार कोरडा राहतो. एकोणिसाव्या शतकातील पुष्कळसे मराठी मिशनरी गद्य तसे राहिलेच.

या दृष्टीने लक्ष्मीबाईंच्या परिवर्तनाचा क्रम लक्षणीय ठरतो. नारायण वामन टिळकांनी 1895मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो 1900मध्ये घेतला. मधल्या काळात काही वर्षांची ताटातूट आहे आणि पुनर्मीलनानंतरही कसोशीने पाळलेले सोवळे आहे. त्यांच्या मनातून आधी गळून पडतो तो जातिभेद. ख्रिस्ताचा स्वीकार त्यानंतर येतो. धर्मशास्त्री ज्याला क्रमविपर्यास म्हणेल तो येथे अनुभवाचा खरा क्रम आहे. ‘कर्माने नव्हे’ हे वाक्य आधी कळते, ‘ख्रिस्ताच्याच द्वारे’ हे मागाहून. विटाळ ही वस्तूंची अवस्था नसून मनाची आहे हे उमगल्यावर वडिलांचे न संपणारे धुणे प्रथमच थांबते. मात्र ते थांबते मुलीच्या आयुष्यात.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. कृपा ही मराठी मनाला ख्रिस्ती धर्माने दिलेली वस्तू नव्हे. वारकरी परंपरा कर्मकांडापेक्षा विठ्ठलाच्या कृपेवर विसंबते. दक्षिणेतील श्रीवैष्णवांनी तर मर्कटन्याय आणि मार्जारन्याय असा भेद करून हा प्रश्न सूक्ष्मपणे सोडविला : माकडाचे पिलू आईला घट्ट धरते, मांजराचे पिलू काहीच करीत नाही, आई त्याला उचलते. टिळक स्वतः आपला ख्रिस्ताकडचा मार्ग तुकारामांवरून गेल्याचे सांगत. मग नवे ते काय? ‘हे सारे मुळात भक्तीच आहे’ असे म्हणणारे अभ्यासक आणि ‘भक्ती ही केवळ पूर्वतयारी’ म्हणणारे मिशनरी, दोघेही या प्रश्नाचे फार स्वस्तात उत्तर देतात. वारकऱ्याची कृपा नामात नित्य उपलब्ध असते. तिला तारीख नसते. ख्रिस्ती कृपा इतिहासात एकदाच घडलेल्या क्रूसावरील मरणाशी बांधलेली आहे. भेद कृपेच्या स्वरूपात कमी आणि ‘च’ या अव्ययात अधिक आहे.

हा ‘च’ मराठीत कसा उच्चारावा याविषयी दोन मोठ्या लेखकांनी दोन वाटा धरल्या. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883चा, इंग्लंडमधील वाँटेजचा. परंतु आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, याची जाणीव पुढे अनेक वर्षांनी झाल्याचे त्या 1907च्या इंग्रजी आत्मनिवेदनात नोंदवितात. कृपेचे असे निखळ भान आलेल्या रमाबाईंना बायबलच्या भाषांतरातील हिंदू दर्शनांची छटा असलेले शब्द खटकले. त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत केलेले भाषांतर त्यांच्या निधनानंतर, 1924मध्ये, प्रसिद्ध झाले. टिळकांनी नेमके उलट केले. त्यांनी अभंग घेतला, कीर्तन घेतले, ख्रिस्ताला माउली आणि गुरू म्हटले. रमाबाई शब्द धुऊन घेतात, टिळक भरलेला शब्द तसाच उचलतात. (सोवळ्याची उपमा येथे अगदीच अप्रस्तुत नसावी.) दोन्हींना किंमत पडली. धुतलेल्या शब्दाला मराठी कान लवकर ओळखीना. भरलेल्या शब्दातून क्रूसाचा कठोरपणा निसटण्याचे भय राहिले. ‘तारण’ हा शब्द मात्र या वादातून सुखरूप सुटला, तो योगायोगानेच. व्यवहारात तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेली वस्तू. दुसऱ्याच्या ऋणासाठी स्वतःला गहाण टाकणारा ख्रिस्त मराठीच्या सावकारी कोशातच दडलेला होता. टिळकांच्या माउलीप्रधान रचनेत या अर्थाचा उपयोग व्हावा तितका झालेला दिसत नाही; आईला हिशेब ठाऊक नसतो, हे एक कारण असू शकेल.

‘ख्रिस्ताच्याच द्वारे’ याचा ‘चर्चच्याच द्वारे’ असा अर्थ होतो काय, हा प्रश्नही नाशिकच्या भूमीत शिल्लक होता. चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वसविलेल्या शरणपुरात गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेली आफ्रिकी मुले शिकत. लिव्हिंग्स्टनचे पार्थिव 1874मध्ये इंग्लंडला पोहोचविणारा जेकब वेनराइट त्यांतलाच. शरणागतीला मिळालेला हा भौतिक आसरा. परंतु आसरा देणारी संस्था असली की कृपेला आश्रयदात्याचा चेहरा येतो. टिळकांनी 1917मध्ये मिशनचा पगार सोडून संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापिला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही स्थान होते. ‘च’ ख्रिस्तापाशी ठेवून संस्थेवरून काढून घेण्याचा हा प्रयत्न होता. 1919मध्ये टिळक वारले आणि तो अर्ध्यावर राहिला.

अर्ध्यावर राहिले तसे ‘ख्रिस्तायन’ही. टिळकांच्या हातून या महाकाव्याचा आरंभीचा भागच झाला; उर्वरित मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. म्हणजे क्रूसापर्यंतची कथा, ज्यावाचून कृपेच्या सिद्धांताला आधारच उरत नाही, ती जलालपुरच्या त्या घरात वाढलेल्या आणि कधी शाळेत न गेलेल्या स्त्रीच्या वाट्याला आली. ‘स्मृतिचित्रे’वर लिहिणाऱ्यांनी त्या अध्यायांकडे पतिनिष्ठेचा पुरावा म्हणून पाहिले आहे. ते आत्मचरित्राशेजारी ठेवून वाचले, तर वडिलांच्या सोवळ्याचे प्रकरण कोणत्या उत्तराची वाट पाहत होते, हे त्यांतून तपासता येते.