बोलतीं शस्त्रें

जड वस्तूस जीव व वाणी देणें ही अद्भुतकथेची फार जुनी खोड आहे. पक्षी बोलतात, वृक्ष साक्ष देतात, भिंतीवरचा आरसा राणीस तिच्या सौंदर्याचा निवाडा ऐकवितो. वाचकास त्याचें नवल वाटत नाहीं. परंतु तरवार बोलूं लागली म्हणजे प्रकरण निराळें होतें. आरसा खरें बोलो कीं खोटें बोलो, तो भिंतीवरच राहतो. तरवारीचें बोलणें कोणाच्या तरी मानेपाशीं जाऊन थांबणारें असतें. म्हणून शस्त्रास मन देणाऱ्या कवीनें एक जबाबदारी अंगावर घेतली असें समजावें. हें मन कशासाठीं दिलें, आणि शस्त्र धरणाऱ्याच्या मनाचें त्यामुळें काय झालें, हें त्यानें दाखविलें पाहिजे. तें न दाखवितां जो नुसतीच तरवार बोलकी करतो, त्यानें एक खेळणें केलें इतकेंच म्हणतां येईल.

हा विषय काढण्यास निमित्त मात्र एका खेळाचेंच आहे. अमेरिकेंत १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नांवाचा एक खेळ प्रसिद्ध केला. ज्या घरांतील मुलें तो खेळतात त्या घरांतील वडील मंडळींस बहुधा एवढेंच ठाऊक असतें कीं, चारपांच जण रात्र रात्र फांसे टाकीत बसतात व राक्षसांच्या गोष्टी बोलतात. वस्तुतः हा द्यूताचा प्रकार नसून नाटकाचा आहे. एक जण सूत्रधार होऊन देश, अरण्य, भुयार यांचें वर्णन करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलें पात्र या प्रसंगीं काय करील तें बोलून दाखवितात. जेथें यशापयशाची शंका तेथें निरनिराळ्या पैलूंचे फांसे निर्णय देतात. लिखित संहिता नाहीं, प्रेक्षक नाहींत, आणि नाटकाचा शेवट कोणासच ठाऊक नाहीं.

या खेळाच्या अगदीं पहिल्या नियमपुस्तकांतच मायावी तरवारींस बुद्धि, पक्ष व अहंता दिलेली आहे. १९७९ च्या विस्तृत ग्रंथांत तर त्याचें गणितच मांडलें आहे. तरवारीची बुद्धि व अहंता यांची बेरीज एका बाजूस. तिच्या धन्याची बुद्धि, त्याची लोकांवरील छाप व त्यानें गांठलेली पायरी यांची बेरीज दुसऱ्या बाजूस. तरवारीचा आंकडा मोठा निघाला तर प्रसंगीं धनी तिच्या इच्छेप्रमाणें वागतो. एवढ्यावर हें थांबत नाहीं. धनी जखमी होत गेला कीं त्याचा आंकडा उतरतो. म्हणजे शस्त्राची गरज जेव्हां सर्वांत अधिक, नेमकें तेव्हांच शस्त्र त्याच्यावर स्वार होण्याचा संभव सर्वांत अधिक. एखाद्या हिशेबनिसास शोभेल अशा या कोष्टकांत मला एक खरें काव्यबीज दिसतें, आणि तें कोष्टक करणाऱ्यास स्वतःस दिसलें होतें कीं नाहीं याची शंका येते.

नियम करणाऱ्यांचा व्यवहारी हेतु उघड आहे. खेळाडूच्या हातीं फार बलवान् शस्त्र गेलें तर खेळाची गोडी जाते. तें काढूनही घेतां येत नाहीं. मग त्या शस्त्रास स्वतःचें मत द्यावें म्हणजे बळाबरोबर कटकटही पदरीं पडते. सूत्रधारास शिवाय एक सोय होते. पात्रांच्या मंडळींत त्याचा स्वतःचा असा एक बोलका प्रतिनिधि कायमचा बसतो; तो वाट सुचवितो, जुना इतिहास सांगतो, एखाद्या भ्याडास टोंचतो. कित्येकदां हा प्रतिनिधि केवळ विदूषक होतो. २००० सालच्या ‘बाल्डर्स गेट’ या संगणकखेळाच्या दुसऱ्या भागांत लिलारकॉर नांवाची एक तरवार आहे. तिला मारामारीचा हव्यास व तोंड मिटण्याचा कंटाळा. थोडा वेळ हंसूं येतें. पुढें ती पिशवींत जाते.

पण त्या खेळाच्या मागें जें वाङ्मय आहे तें इतकें हलकें नाहीं. मायकेल मूरकॉक या इंग्रज लेखकानें १९६१ पासून लिहिलेल्या एल्रिकच्या कथांत ‘स्टॉर्मब्रिंगर’ नांवाचें एक काळें खड्ग आहे. एल्रिक हा जन्माचा दुबळा राजा. खड्ग ज्यांस मारतें त्यांचे आत्मे पितें आणि त्यांतील सत्त्वाचा वांटा त्याला देतें. त्यावांचून त्याला उभें राहवत नाहीं, आणि त्याच्यासह राहिल्यास त्याचीं प्रेमाचीं माणसें त्याच्याच हातून मरतात. गायगॅक्सनें आपल्या प्रेरणाग्रंथांच्या यादींत मूरकॉकचें नांव दिलें आहे, आणि १९७९ सालच्याच ‘व्हाइट प्लूम माउंटन’ या खेळकथेंतील ‘ब्लॅकरेझर’ हें आत्मे गिळणारें खड्ग त्याच घराण्यांतलें आहे. याहून मागें गेलें तर उत्तर युरोपांतील सागांत ‘तिरफिंग’ ही तरवार सांपडते. ती उपसली कीं एक तरी बळी घेतल्यावांचून म्यानांत जात नाहीं. आणि लोन्रोटनें १८३५ त व पुन्हां विस्तारानें १८४९ त सिद्ध केलेल्या फिनलंडच्या ‘कालेवाला’ महाकाव्यांत कुल्लेर्वो आपल्या तरवारीस विचारतो कीं, तूं माझें पापी रक्त पिशील काय? ती उत्तर देते कीं, निरपराध्यांचें रक्त प्यालें तर तुझें कां पिणार नाहीं? तो तिच्यावर अंग टाकतो. हें उत्तर मला या सर्व पाश्चात्त्य परंपरेंतील उत्तम वाटतें. तरवार येथें कोणावर जबरदस्ती करीत नाहीं. धन्याचा सगळा हिशेब तिच्याजवळ आहे, एवढेंच ती सांगते.

एल्रिकच्या कथांविषयीं मात्र माझी तक्रार आहे. जें खड्ग धन्याकडून पाप करवितें, तें धन्यास दोषांतून सोडवितेंही. मित्र मेला, पण मीं कोठें मारला? खड्गानें मारला! वाचक हळहळतो, पण न्याय कोणाचा करावा हें त्याला कळत नाहीं. खेळांत तर ही पळवाट फारच सोयीची होते. गेल्या दिवाळीच्या सुटींत माझे कांहीं जुने विद्यार्थी, जे आतां पुण्यास नोकऱ्या करतात, येथें बार्शीटाकळीस जमले होते व त्यांनीं हा खेळ मांडला होता. त्यांतील एकाच्या पात्राजवळ अशीच एक मानी तरवार होती. शरण आलेल्या कैद्यांचें काय करावें असा प्रसंग आला. तो म्हणाला, तरवार ऐकत नाहीं, फांसा टाकूं. सूत्रधार हुशार, तो म्हणाला, तरवार म्हणते आहे कीं हें मी करणार नाहीं, तुला करावयाचें तर दगड उचल. यावर अर्धा तास वाद झाला, चहा निवला, आणि शेवटीं कैदी सुटले. त्या अर्ध्या तासांत मीं जें ऐकलें तें आमच्या वर्गांत ‘हॅम्लेट’वर होणाऱ्या चर्चेहून कमी प्रतीचें नव्हतें.

नकार देणारें शस्त्र हीच खरी थोर कल्पना होय, आणि तिच्यासाठीं आपल्याला समुद्रापलीकडे जावें लागत नाहीं. भासाच्या नांवावर असलेलें व गणपतिशास्त्री यांनीं त्रिवेंद्रमहून १९१२ त प्रसिद्ध केलेलें ‘दूतवाक्य’ हें एकांकी रूपक पहा. दुर्योधनाच्या उर्मटपणानें संतापलेला कृष्ण सुदर्शनास हांक मारतो. सुदर्शन पुरुषरूपानें रंगभूमीवर येतो आणि आज्ञा विचारतो. दुर्योधनाचा वध कर, असें ऐकतांच तो धन्यास विनवितो कीं, भूमीचा भार उतरविण्यासाठीं आपण आलांत. हा एकटा आजच मेला तर सगळा श्रम फुकट जाईल. कृष्ण शांत होतो. मग शार्ङ्ग धनुष्य, कौमोदकी गदा, पांचजन्य शंख, नंदक खड्ग अशीं सर्व आयुधें एकामागून एक येतात, आणि सुदर्शन त्यांस परत पाठवितो. रागावलेल्या देवाला त्याचें शस्त्र भानावर आणतें! असला प्रवेश लिहिणारा नाटककार जगांत दुसरा मला ठाऊक नाहीं. गुप्तकाळच्या मूर्तिकारांनींही विष्णूच्या बाजूस आयुधें मनुष्यरूपानें उभीं केलीं. गदा स्त्रीलिंगी म्हणून ती देवी. व्याकरणानें शिल्पास हुकूम द्यावा ही गोष्ट आमच्याच देशांत घडावयाची.

महाभारतांतील अश्वसेनाची कथा याहून खोल जाते. खांडववन जळालें तेव्हां अर्जुनास गांडीव मिळालें, आणि त्याच आगींत अश्वसेन नागाची आई मेली. थोर शस्त्र व त्या शस्त्राचा सूड एकाच दिवशीं जन्मास आले, ही व्यासांची योजना फार थोड्यांच्या ध्यानांत येते. पुढें कर्णाच्या सर्पमुख बाणांत हा नाग गुपचूप शिरतो. कृष्ण रथ खालीं दाबतो, बाण किरीट घेऊन जातो. नाग परत येऊन म्हणतो कीं, तूं मला न पाहतां सोडलेंस, आतां पाहून सोड. बोलतें, द्वेषानें भरलेलें, अचूक शस्त्र आपण होऊन हातीं येत आहे. समोर जन्माचा वैरी आहे. कर्ण उत्तर देतो कीं, दुसऱ्याच्या बळावर मला जय नको, आणि शंभर अर्जुन मरणार असले तरी तोच बाण मी दोनदां जोडणार नाहीं. एल्रिकच्या सर्व कथांत जें उत्तर नाहीं तें येथें आहे. शस्त्रास मन असलें म्हणून धरणाऱ्याचें मन संपलें, असें व्यासांस मान्य नाहीं.

शस्त्राच्या या मोहाविषयीं सर्वांत शहाणें भाषण एका स्त्रीनें केलेलें आहे. अरण्यकांडांत सीता रामास एक गोष्ट सांगते. एका सत्यनिष्ठ तपस्व्यापाशीं इंद्रानें शिपायाच्या वेषानें येऊन एक खड्ग ठेव म्हणून ठेवलें. ठेव हरवूं नये म्हणून तपस्वी फळें-मुळें आणावयास जातांनाही तें बरोबर नेऊं लागला. रोज नेतां नेतां त्याची बुद्धि क्रूर झाली, तप सुटलें, आणि तो नरकास गेला. या खड्गाला वाणी नाहीं, नांव नाहीं, अहंतेचा आंकडा नाहीं. तें केवळ जवळ आहे. आणि तपस्व्याचा गुन्हा कोणता? प्रामाणिकपणा! दुसऱ्याची वस्तु नीट सांभाळावी या सद्गुणाच्या दारानें दुर्गुण आंत आला. रामानें या बोलण्याचा राग मानला नाहीं. ऋषींस वचन दिलें आहे एवढेंच कारण त्यानें सांगितलें. सीतेच्या मुद्द्याचें खंडन त्याच्या उत्तरांत नाहीं, आणि वाल्मीकींनीं तें तसेंच राहूं दिलें. सचेतन शस्त्राचें सगळें मर्म या लहानशा कथेंत आहे असें मी समजतों. वाणी, डोळे व नांव हे त्यावरील अलंकार होत.

शांतिपर्वांत भीष्म नकुलास खड्गाची उत्पत्ति सांगतात तेथें हे अलंकारही आहेत. ब्रह्मदेवाच्या यज्ञांतून निळ्या कमळाच्या रंगाचें, तीक्ष्ण दाढांचें एक उंच, कृश भूत निघतें व तें खड्ग होतें. त्याचें नक्षत्र कृत्तिका, दैवत अग्नि, गोत्र रोहिणी, गुरु रुद्र. लग्नाच्या पत्रिकेंत लागते तेवढी सर्व माहिती दिलेली आहे! आणि त्याच्या आठ नांवांत शेवटचें नांव आहे ‘धर्मपाल’. तें मनूच्या हातीं देतांना, क्षुल्लक कारणानें कोणाचें अंग तोडूं नये, अशी अटही घातलेली आहे. देणगीबरोबर अट येते हें लक्षांत ठेवावें.

कारण आमच्या मराठी वाङ्मयांत ही अटच गळून गेली आहे. शिवछत्रपतींच्या भवानी तरवारीची कथा मराठी घरांतील प्रत्येक मूल ऐकतें. सभासदाच्या बखरींत तुळजाभवानी दर्शन देऊन यशाचें आश्वासन देते. तरवार हातांत ठेवीत नाहीं. देवी तरवार देते आहे हा प्रसंग पुढील चित्रांनीं, नाटकांनीं व मुलांच्या पुस्तकांनीं इतका रूढ केला कीं मूळ प्रसंग त्याखालीं झांकून गेला. त्या काळच्या कित्येक तरवारींचीं पातीं युरोपांतून येत, म्हणूनच त्यांस ‘फिरंग’ म्हणत. पण माझी तक्रार इतिहासाची नाहीं, रसाची आहे. देवी ज्या तरवारींत वास करते असें आपण म्हणतों, त्या तरवारीस आमच्या एकाही नाटककारानें कधीं एक शब्द बोलूं दिला आहे असें माझ्या पाहण्यांत नाहीं. ती चमकते, कडाडते, शत्रूचें शिर उडविते. पण ती कधीं थबकत नाहीं. ज्या राजानें शत्रूच्याही स्त्रियांचा मान राखला व रयतेच्या भाजीच्या देंठासही हात लावूं नये अशी ताकीद लष्करास दिली, त्याच्या तरवारीस विवेक होता हें दाखविणें कठीण होतें काय? त्याऐवजी आम्ही वाद घातला तो ती कोठें आहे याचा. १९८० ते १९८२ पर्यंत मुख्यमंत्री असलेल्या अंतुल्यांनीं ती लंडनहून आणण्याची घोषणा केली तेव्हां किती शाई सांडली! साताऱ्याची खरी कीं लंडनची खरी, एवढेंच सर्वांस हवें होतें.

सामान्य लोकांची जाण या बाबतींत लेखकांहून बरी आहे. बार्शीटाकळीस कालंका देवीचें बाराव्या शतकांतील दगडी देऊळ आहे, त्यांत शके १०९८ चा शिलालेख आहे. नवरात्रांत तेथें देवीचें दर्शन घेऊन आलेला वऱ्हाडांतला शेतकरी दसऱ्यास वखर, डवरा, विळा, कुऱ्हाड धुऊन मांडतो व त्यांस हळदकुंकू व झेंडूचीं फुलें वाहतो. वर्षभर ज्या वस्तूनें आपलें काम केलें तिलाही कांहीं मर्जी आहे, हा भाव त्यांत आहे. तिनें उलटूं नये, हातावर पडूं नये, ही प्रार्थनाही आहे. जेजुरीस खंडोबाचा जड खंडा दसऱ्यास तरुण मंडळी पेलून दाखवितात तेंही याच जातीचें. तेथें माणूस शस्त्राची परीक्षा घेत नसून शस्त्र माणसाची परीक्षा घेतें.

शस्त्राच्या नकाराचें सर्वांत हृदयद्रावक चित्र मौसलपर्वांत आहे. तेथें शस्त्र बोलत नाहीं. कृष्ण गेल्यावर यादवस्त्रियांस घेऊन अर्जुन निघतो. काठ्या घेतलेले आभीर त्याच्यावर तुटून पडतात. गांडीवास दोरी मोठ्या कष्टानें चढते, अस्त्रें आठवत नाहींत, अक्षय भाते रिकामे होतात. व्यास त्याला सांगतात कीं, अस्त्रांचें काम झालें, तीं आलीं तेथें परत गेलीं. एवढें ऐकूनही अर्जुनाच्यानें धनुष्य सुटत नाहीं. राज्य टाकलें, वल्कलें नेसलीं, सगळे भाऊ महाप्रस्थानास निघाले, तरी रत्नाच्या लोभानें गांडीव त्याच्या खांद्यावर आहेच. समुद्राच्या कांठीं अग्नि पर्वतासारखा वाट अडवून उभा राहतो व म्हणतो कीं, मीं वरुणाकडून तुझ्यासाठीं आणलें होतें, तें वरुणास परत दे. भाऊ आग्रह करतात. तेव्हां अर्जुन तें धनुष्य व दोन्ही भाते पाण्यांत टाकतो, आणि पांडव दक्षिणेकडे वळतात.