हार्वेचे बहात्तर पानी पुस्तक आणि माझा निळा खडू

फळ्यावर हृदय काढताना माझ्या हातात नेहमी दोन खडू असत, एक तांबडा आणि एक निळा. रोहिणी तांबडी, नीला निळी. तांबड्यात शुद्ध रक्त, निळ्यात अशुद्ध. अशी कित्येक वर्षे गेली. एकदा आठवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, बाबांनी रक्तदान केलं तेव्हा मी शेजारीच होते. पिशवीतलं रक्त काळपट लाल होतं. सुई तर शिरेत टोचली होती, मग निळं कुठे होतं?” मी ठोकून दिले, “हवा लागली की लाल होतं.” ती म्हणाली, “पण पिशवी बंद असते ना?” तास संपल्याची घंटा झाली आणि मी सुटलो.

निवृत्तीनंतर विल्यम हार्वेचे रक्ताभिसरणावरचे पुस्तक वाचायला घेतले ते या सुटकेची लाज वाटून. मूळ लॅटिन पुस्तक 1628 साली फ्रँकफुर्टला छापले गेले. पाने जेमतेम 72, प्रकरणे सतरा आणि मुद्रणदोष भरपूर. मी वाचले ते रॉबर्ट विलिस यांचे 1847 मधले इंग्रजी भाषांतर. ‘युगप्रवर्तक ग्रंथ’ म्हणून या पुस्तकाला नमस्कार करणारे पुष्कळ, पण ते पुस्तक म्हणून कसे आहे हे फारसे कोणी सांगत नाही. मला ते एकाच वेळी अतिशय भक्कम आणि बरेच विस्कळीत वाटले.

त्याच्यापुढे उभे होते गेलेनचे चौदाशे वर्षांचे शास्त्र. त्यानुसार अन्नापासून यकृतात रक्त तयार होते, शिरांवाटे अंगभर जाते आणि तिथेच खर्ची पडते. त्यातले थोडे हृदयाच्या मधल्या पडद्यातल्या अदृश्य छिद्रांतून उजवीकडून डावीकडे झिरपते. ही छिद्रे कोणाला सापडली नव्हती. व्हेसॅलियसने त्यांवर शंका घेतली होती. रक्त उजवीकडून डावीकडे फुप्फुसांतून जाते, असे तेराव्या शतकात इब्न अल-नफीसने आणि सोळाव्यात सर्व्हेटस व कोलंबो यांनी लिहून ठेवले होते. तेव्हा हार्वेच्या हाती कोरी पाटी नव्हती. त्याचे स्वतःचे असे जे आहे ते नवव्या प्रकरणात, आणि ते म्हणजे एक साधा गुणाकार.

समजा, दर ठोक्याला हृदयातून फक्त एक ड्रॅम, म्हणजे औंसाचा आठवा भाग, सुमारे चार ग्रॅम रक्त बाहेर पडते. समजा, अर्ध्या तासात ठोके पडतात हजार. तरी अर्ध्या तासात जवळजवळ चार किलो रक्त रोहिणीत गेले. एवढे रक्त यकृताने कोणत्या जेवणातून बनवायचे? आणि मागचे परत येत नसेल तर रोहिण्या फुटत कशा नाहीत? मेंढीच्या अंगात चार पौंडांहून अधिक रक्त नसते, हे त्याने स्वतः पडताळले होते. म्हणून तेच रक्त पुन्हापुन्हा फिरत असले पाहिजे.

हे आकडे चूक आहेत. अर्ध्या तासाला हजार म्हणजे मिनिटाला तेहतीस-चौतीस ठोके. अशी नाडी लागली तर डॉक्टर पेशंटला घरी सोडणार नाही. त्याहून अधिक ठोके पडतात हे हार्वेला ठाऊक होते. दोन, तीन, चार हजारांचा उल्लेख तो स्वतःच करतो. आज आपण धरतो ते दर ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला पाचेक लिटर आणि अर्ध्या तासाला दीडशे. पण त्याची चूक कोणत्या बाजूला झुकते ते पाहा. प्रत्येक आकडा त्याने स्वतःच्या दाव्याला प्रतिकूल धरला, इतका की प्रतिपक्षाला तो आणखी कमी करता येऊ नये. आपल्या बाजूने आकडे फुगवणारे लेखक मी जन्मभर वाचले, म्हणून हे प्रकरण मी दोनदा वाचले.

तेराव्या प्रकरणातला प्रयोग मी घरी करून पाहिला. वय झाल्यामुळे हातावरच्या शिरा ठसठशीत दिसतात, तेवढा तरी उपयोग. कोपराच्या वर पंचा बेताने आवळला. शिरा फुगल्या आणि मध्ये मध्ये गाठीसारखे उंचवटे दिसू लागले. तिथे झडपा. एका गाठीच्या जरा खाली बोट दाबून ठेवले आणि दुसऱ्या बोटाने तिथून वर, गाठीच्या पलीकडे रक्त सारले. मधला तुकडा सपाट झाला आणि सपाटच राहिला; वरून थेंबही परतेना. खालचे बोट उचलताच तो खालून भरला. गंमत अशी की या झडपा हार्वेच्या गुरूने, पादुआच्या फॅब्रिसियसने, 1603 मध्ये चित्रांसह छापल्या होत्या. रक्त हातापायांत साचू नये म्हणून त्याचा वेग रोखणारे ते बांध, असे गुरूला वाटले. शिष्याने बहुतांशी त्याच धाटणीची चित्रे घेऊन त्यांचा अर्थ फिरवला: हे बांध नव्हेत, ही एकाच बाजूला उघडणारी दारे.

आता विस्कळीतपणाबद्दल. चौदावे प्रकरण म्हणजे निष्कर्ष, एका परिच्छेदाचा आणि निःसंदिग्ध. पुस्तक तिथे संपायला हवे होते. त्यापुढे तीन प्रकरणे आहेत आणि पंधराव्यात हार्वे अॅरिस्टॉटलच्या उष्णतेकडे परततो: हृदय ही ऊब, तोच देहाचा सूर्य. अर्पणपत्रिकेत राजा पहिला चार्ल्स हाही सूर्य आणि हृदय झालेला आहेच. रक्त फिरते हे त्याने सिद्ध केले; ते कशासाठी फिरते, याचे पटणारे उत्तर त्याच्याजवळ नव्हते. आणि साखळीत एक दुवा गायब होता. रोहिणीतून शिरेत रक्त जाते कसे? मांसातल्या छिद्रांतून, असे तो म्हणतो. पण त्याने ती पाहिली नव्हती. म्हणजे गेलेनच्या अदृश्य छिद्रांना हसून त्याने स्वतःची अदृश्य छिद्रे मांडली, असा आक्षेप घेता येतो. फरक इतकाच की हार्वेच्या छिद्रांमागे गुणाकार उभा होता. तो 1657 मध्ये गेला. 1661 मध्ये माल्पिघीने बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या.

‘हे सारे आमच्याकडे आधीच होते’ असे लेख मराठीत नियमाने येतात. दावा निराधार आहे असे मी म्हणणार नाही. भेलसंहितेत, जिचे हस्तलिखित तंजावरच्या सरस्वती महालात आहे, हृदयातून रस निघतो आणि शिरांवाटे हृदयाकडे येतो अशा आशयाचा श्लोक आहे. तो वाचून मी चमकलो. पण तिथे मोजमाप नाही, बांधलेला हात नाही, चुकलो तर कसे कळेल याची सोय नाही. हार्वेच्या वाक्याशेजारी ते वाक्य ठेवले की दोन्हींवर अन्याय होतो.

खरे कुतूहल मला सुश्रुताने लावले. त्याच्या शारीरस्थानात सातशे सिरा आहेत, त्यांचे मूळ नाभीत, आणि त्यांचे चार वर्ग: वाताच्या अरुण, पित्ताच्या नीला, कफाच्या गौरी, रक्ताच्या रोहिणी. म्हणजे सुश्रुताची नीला रक्त वाहणारी नव्हेच, ती पित्ताची! आपण ही दोन नावे उचलली आणि हार्वेच्या दोन नळ्यांना चिकटवली. जुन्या शास्त्राचा मान राहिला, नवे शास्त्रही मराठीत आले. मात्र निळ्या रंगाला आधार मिळाला तो शब्दाचा. शिरेतले रक्त गडद लालच असते. निळसरपणा कातडीतून परतणाऱ्या प्रकाशाचा. त्यात ‘शुद्ध-अशुद्ध’ हे देवघर-मोरीतले शब्द जोडले. परत येणारे रक्त अशुद्ध म्हणावे तर आतड्याकडून अन्नरस घेऊन येणारेही तेच आहे. शिवाय फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीत हे ‘अशुद्ध’ आणि तिकडून येणाऱ्या नीलेत ‘शुद्ध’. हा अपवाद मी दर वर्षी चौकटीत लिहून देत असे, परीक्षेत हमखास येतो म्हणून. व्याख्याच चुकली आहे असे एकदाही मनात आले नाही. हृदयापासून दूर नेते ती रोहिणी, हृदयाकडे आणते ती नीला, एवढे म्हटले असते तर अपवादच उरला नसता.

धमनी आणि शिरा हे शब्द आता पुष्कळ पुस्तकांत दिसतात. नातवाच्या वहीत परवा आकृती पाहिली. शिरा त्याने निळ्या पेन्सिलीने रंगवल्या होत्या. माझा पंचा काढून मी त्याला हात पुढे करायला सांगितला. पण त्याच्या कोवळ्या हातावर शीर काही दिसेना, म्हणून मी माझाच हात त्याच्यासमोर धरला.