महाविद्यालयीन क्रीडासंघांचे शैक्षणिक गुणांकन : एक चिकित्सा

अमेरिकेत महाविद्यालयीन क्रीडासंघांची तुलना केवळ मैदानावरील यशापयशावरून होत नाही. नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन (एनसीएए) ही नियामक संस्था ‘डिव्हिजन वन’ या सर्वोच्च विभागातील संघांना २००३-०४ पासूनच्या अभ्यासातील कामगिरीबद्दलही गुण देत आली आहे. ‘ॲकॅडेमिक प्रोग्रेस रेट’, म्हणजे शैक्षणिक प्रगती दर, या नावाचे हे गुणांकन वरकरणी निःपक्षपाती वाटते. ते नेमके काय मोजते, हे मात्र तपासून पाहणे अगत्याचे आहे.

शिष्यवृत्तीधारक खेळाडूला प्रत्येक सत्रात दोन गुण मिळू शकतात : एक खेळण्यास पात्र राहिल्याबद्दल, दुसरा संस्थेत टिकल्याबद्दल किंवा पदवी मिळविल्याबद्दल. मिळालेल्या गुणांना संभाव्य गुणांनी भागून १००० ने गुणले जाते. चार वर्षांचा एकत्रित दर ९३० च्या खाली गेल्यास संघ हंगामोत्तर स्पर्धांना मुकू शकतो. हे सूत्र सर्व संघांना सारखेच लागू असले, तरी त्याचा भार सारखा पडत नाही. १३ शिष्यवृत्तीधारकांच्या बास्केटबॉल संघाचे वर्षातील दोन सत्रांचे संभाव्य गुण ५२ होतात. त्यातील ४ गेले की त्या वर्षाचा दर ९२३ वर येतो. ८५ जणांच्या फुटबॉल संघाने तेवढेच गुण गमावले, तर तो ९८८ वर राहतो. चार वर्षांच्या हिशेबामुळे हा चढउतार सौम्य होतो, पण त्यातून दुसराच अन्याय उद्भवतो. कनेक्टिकट विद्यापीठाचा पुरुष बास्केटबॉल संघ २०११ चा विजेता होता. आधीच्या वर्षांतील घसरलेल्या दरामुळे तो २०१३ च्या हंगामोत्तर स्पर्धेस अपात्र ठरला आणि २०१४ मध्ये पुन्हा विजेता झाला. शिक्षा भोगणाऱ्यांत पूर्वीच्या घसरणीशी काडीचाही संबंध नसलेले खेळाडू होते.

पदवीच्या प्रमाणाकडे वळल्यास गोंधळ अधिकच वाढतो. संघराज्य सरकारच्या पद्धतीत सहा वर्षांत त्याच संस्थेतून पदवी न घेणारा विद्यार्थी अयशस्वी गणला जातो, मग त्याने अन्यत्र पदवी घेतलेली असो. एनसीएएच्या पद्धतीत समाधानकारक प्रगती असताना संस्था सोडून गेलेल्यांना वगळतात आणि बाहेरून आलेल्यांना मोजतात. त्यामुळे एकाच संघाचे दोन आकडे संभवतात, आणि प्रसिद्धीपत्रकात सहसा कोणता झळकतो हे सांगायला नको.

तथापि मुख्य आक्षेप गणिताचा नाही. ‘पात्रता’ ठरते ती संस्थेनेच दिलेल्या श्रेणींवरून. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिल येथील प्रकरणात हे उघड झाले. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार तेथे सुमारे १८ वर्षे उपस्थितीची अट नसलेले, एकाच निबंधावर श्रेणी देणारे वर्ग चालले. ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी त्यांचा लाभ घेतला; त्यांतील जवळजवळ निम्मे खेळाडू होते. हे निबंध बहुतांशी प्राध्यापक नव्हे, तर विभागातील एक कार्यालयीन कर्मचारी तपासत असे. हे वर्ग इतर विद्यार्थ्यांनाही खुले असल्याने खेळाडूंना खास सवलत दिल्याचा ठपका ठेवता येत नाही, अशी भूमिका एनसीएएच्या समितीने २०१७ मध्ये घेतली. ज्या गुणांकनावर हंगामोत्तर प्रवेश आणि २०१९-२० पासून आर्थिक वाटपाचा काही भागही अवलंबून राहिला, त्याच्या सूत्रात अशा वर्गातून मिळविलेली पात्रता आणि प्रयोगशाळेत घाम गाळून मिळविलेली पात्रता यांत भेद करण्याची सोयच नाही.