दोषशोधनाचे गद्य : ‘शॉर्ट’ या शब्दाची चिकित्सा

यंत्रदुरुस्तीचा वृत्तान्त हा समीक्षेचा विषय होऊ शकतो, हे सहसा मानले जात नाही. तथापि ज्या गद्यातील एका शब्दाच्या शैथिल्याने वस्तूचा नाश ओढवू शकतो, त्या गद्याची चिकित्सा ललित गद्याइतकीच काटेकोरपणे होणे अगत्याचे आहे. १९९४ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या प्लेस्टेशन या खेळयंत्राचा फेरफार केलेला बोर्ड या दृष्टीने उद्बोधक आहे.

हे यंत्र तबकडीवरील चार अक्षरांची खूण वाचते : जपानसाठी ‘एससीईआय’, अमेरिकेसाठी ‘एससीईए’, युरोपसाठी ‘एससीईई’. खूण न जुळल्यास तबकडी चालत नाही. फेरफार करणारे एक लहानशी चिप बारीक तारांनी बोर्डाला डाखतात आणि ती हीच अक्षरे यंत्रास पुरविते. पुढे यंत्र बंद पडले की वृत्तान्तात वाक्य येते ते या धाटणीचे : ‘चिप बसवताना बोर्ड शॉर्ट झाला.’

हे वाक्य निर्दोष मराठी आहे. वृत्तान्त म्हणून मात्र ते तीन ठिकाणी लंगडे पडते. पहिली उणीव विधेयाची. शॉर्ट हा एका वस्तूचा गुण नव्हे, तो दोन बिंदूंमधील संबंध आहे : ज्या दोन ठिकाणी विजेला थेट वाट नसावी, तेथे ती झालेली असते. मराठी वापरात मात्र ‘बोर्ड शॉर्ट झाला’ हे ‘दूध नासले’ या धर्तीवर एकाच नामावर भागते. परिणामी ‘कशाच्या आणि कशाच्या मध्ये?’ हा प्रश्नच उद्भवत नाही. इतकेच नव्हे, तर फ्यूज उडून वाट तुटली, म्हणजे अगदी उलट स्थिती झाली, तरी तिलाही ‘शॉर्ट’च म्हटले जाते. अशा वेळी फ्यूजच्या जागी तार जोडून मोकळे होणारा वाचक बोर्डावरील तांब्याची रेघ जाळून बसतो.

दुसरी उणीव ‘बसवताना’ या कृदन्ताची. ते काळ सांगते, पण वाचक त्यातून कारण वाचतो. तिसरी ‘झाला’ या क्रियापदाची. मराठीत ‘आढळला’ आणि ‘झाला असावा’ यांतील भेद सुस्पष्ट आहे. पहिले निरीक्षण आहे, दुसरे अनुमान. निश्चयार्थी भूतकाळ तो भेद पुसून टाकतो.

आता प्रत्यक्ष शोधाची रीत पाहावी. वीज पूर्ण तोडून पुरवठ्याची रेषा आणि ग्राउंड यांच्यातील रोध मोजतात. मल्टिमीटरचा ‘बीप’ हा पुरावा नव्हे, कारण काही ओहम रोध असला तरी तो वाजतो आणि काही रेषांवर निरोगी स्थितीतही रोध कमीच असतो. म्हणून सुस्थितीतील तशाच बोर्डाशी तुलना करावी लागते. नंतर जोडलेल्या तारा एकेक करून सोडवून प्रत्येक वेळी मोजमाप घेतात. कात्यायनाने वार्त्तिकात सांगितलेली व पतंजलीने ‘वृक्षः’, ‘वृक्षौ’ या रूपांवर चालवून दाखविलेली अन्वयव्यतिरेकाची पद्धती हीच होय : काय गेल्याने काय जाते आणि काय राहिल्याने काय राहते, हे पाहणे.

तथापि हे साम्य एका मर्यादेपर्यंतच टिकते. प्रत्यय काढला तरी प्रकृतीला इजा होत नाही. बोर्ड मात्र झालेली इजा जपून ठेवतो. एखादी तार सोडविल्यावर रोध पूर्ववत झाला, तर दोष तिच्या वाटेवर होता असे म्हणता येते. तो तसाच राहिला, तर ती तार निर्दोष ठरत नाही; तिने आधीच एखादा घटक जाळलेला असू शकतो. अशा वेळी त्या रेषेच्या मूळ दाबाहून अधिक नसलेला दाब, प्रवाहाला मर्यादा घालून, देतात आणि कोणता घटक तापतो ते पाहतात. बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावल्यास ते तापलेल्या जागी प्रथम उडते. पुष्कळदा दोषी ठरतो तो तडकलेला इवलासा सिरॅमिक कपॅसिटर. एकाच रेषेवरील असे अनेक कपॅसिटर समांतर जोडलेले असल्याने साध्या रोधमापनाने त्यांतील दोषी निवडता येत नाही.

दुकानातील बोलीला येथे दोष देण्याचे कारण नाही. ‘हा शॉर्ट आहे’ असे कारागीर म्हणतो तेव्हा बोर्ड दोघांच्याही समोर असतो आणि उरलेला अर्थ बोट पुरविते. लिखित वृत्तान्ताला ते बोट नसते. म्हणून त्याने दोन्ही बिंदूंची नावे, मोजलेला आकडा आणि त्यावरील अनुमान ही तिन्ही पृथक् नोंदवावीत : ‘पुरवठा व ग्राउंड यांच्यामध्ये इतका रोध आढळला, अमुक तार काढल्यावर तो इतका झाला, तेव्हा दोष तिच्या सांध्यात असावा.’ हे वाक्य लांब आहे खरे. पण हे बोर्ड आता नव्याने तयार होत नाहीत. आखूड वाक्यावर विसंबून जळालेला बोर्ड परत मिळत नाही. पारिभाषिक संज्ञा घडविण्यात मराठीने पुष्कळ श्रम वेचले आहेत. ‘शॉर्ट’ला संस्कृत प्रतिशब्द दिल्याने मात्र ही उणीव भरून निघणार नाही, तो प्रतिशब्दही एकाच नामावर भागविला गेला, तर दोष जसाच्या तसा राहील.