‘तुसिताला’ कोण? : स्टीव्हन्सन आणि वेंड्ट यांच्या कथनातील सामोआ

प्रास्ताविक :
पॅसिफिक महासागरातील सामोआ या द्वीपराष्ट्राशी दोन लेखकांची नावे विशेषत्वाने निगडित आहेत. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचा जन्म १८५० मध्ये एडिनबरो येथे झाला आणि मृत्यू ३ डिसेंबर १८९४ रोजी सामोआतील वाइलिमा येथे. अल्बर्ट वेंड्ट यांचा जन्म १९३९ मध्ये आपिया येथे झाला. त्यांचे शिक्षण मात्र न्यूझीलंडमध्ये झाले. एक तेथे येऊन विसावला, दुसरा तेथून शिकण्यासाठी बाहेर गेला. सामोआची कथा सांगण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न या दोघांच्या संदर्भात अपरिहार्यपणे उपस्थित होतो.

स्टीव्हन्सन यांची मर्यादा आणि सामर्थ्य :
सामोअन लोकांनी स्टीव्हन्सन यांना ‘तुसिताला’, म्हणजे कथा सांगणारा, असे संबोधले. त्यांना केवळ वसाहतवादी लेखक ठरविणे अन्यायकारक होईल. ‘ए फुटनोट टू हिस्टरी’ (१८९२) मध्ये त्यांनी सामोआतील परकीय सत्तांच्या हस्तक्षेपावर कठोर टीका केली. ‘द बीच ऑफ फालेसा’ या दीर्घकथेत गोरा व्यापारी विल्टशर हा उमा या स्थानिक तरुणीशी खोट्या लग्नपत्राच्या आधारे विवाह करतो. हे लग्न एका रात्रीपुरतेच असल्याचे त्या कागदावर लिहिलेले असते. १८९३ च्या पुस्तकात ही मुदत एक आठवडा करण्यात आली. मूळ मजकूर प्रकाशनव्यवहारालाही पेलला नाही, यातच त्याची धार दिसते. तथापि, उमा तो कागद जपून ठेवते, पण तिला तो वाचता येत नाही. लाज विल्टशरला वाटते, पश्चात्ताप तो करतो आणि कथाही तोच सांगतो. अन्याय उमावर झाला असला तरी त्याचे कथन तिच्या वाट्याला येत नाही.

वेंड्ट यांचे प्रत्युत्तर :
‘फ्लाइंग-फॉक्स इन अ फ्रीडम ट्री’ (१९७४) या संग्रहाची शीर्षककथा पुढे ‘लीव्ह्ज ऑफ द बॅनियन ट्री’ (१९७९) या कादंबरीचा मधला भाग बनली. तिचा निवेदक पेपे क्षयाने रुग्णालयात मृत्युशय्येवर आहे. आपण दुसरे स्टीव्हन्सन होणार, पण काही फरकाने, असे तो जाहीर करतो. फुप्फुसांच्या विकाराने आयुष्यभर त्रस्त असलेल्या स्टीव्हन्सन यांच्या प्रतिमेशी पेपेचे हे साम्य अर्थपूर्ण आहे. येथे आदर आणि उपरोध एकत्र नांदतात. पेपेची इंग्रजी व्याकरणशुद्ध नाही. ती त्याने स्वतःच्या बोलीच्या लयीत वाकविलेली आहे. उमाला न वाचता येणारी भाषा पेपे स्वतःच्या हाताने लिहितो. हाच तो ‘फरक’ होय.

परंतु वेंड्ट यांनी मूळ सामोअन जीवनाचे उदात्तीकरण केलेले नाही. पेपेचा पिता ताउइलोपेपे हा सत्ता व संपत्तीच्या हव्यासाने पछाडलेला आहे. शोषणाचे मूल्य गावानेही आत्मसात केले आहे. ‘टुवर्ड्स अ न्यू ओशनिया’ (१९७६) या निबंधातील ‘शुद्ध संस्कृती’च्या कल्पनेचा वेंड्ट यांनी केलेला अव्हेर येथे कथारूप घेतो.

निष्कर्ष :
जन्मस्थान वा मृत्युस्थान यांवरून लेखकाचे नाते ठरत नाही. स्टीव्हन्सन यांनी अन्याय पाहिला, पण त्याची कथा अन्याय करणाऱ्याच्या मुखातून सांगितली. वेंड्ट यांनी ‘तुसिताला’ ही पदवी नाकारली नाही. ती मरणासन्न सामोअन तरुणाकडे परत आणली. वसाहतोत्तर साहित्याच्या अध्यापनात हे दोन्ही लेखक एकमेकांसमोर ठेवून वाचले, तर केवळ आरोप-प्रत्यारोपापलीकडचे आकलन शक्य होईल.