‘ख्रिस्तपुराणा’चे मौन

एप्रिल १९५० मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या साम्यवादी शासनाने मठांवर रातोरात छापे घालून संन्याशांना नेले. मराठी वाङ्मयाला अशा दमनाची झळ गोव्यात लागली. मात्र तेथील राजसत्ता स्वतःच कॅथलिक होती.

फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या १६१६, १६४९ व १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या, चौथीस १९०७ उजाडावे लागले. या मौनाचा सारा दोष १७५९ मधील जेझुइटांच्या हकालपट्टीवर टाकणे सोयीचे, पण अपुरे आहे. तोवर ग्रंथाचे मुद्रण थांबून शंभर वर्षे लोटली होती, आणि १६८४ च्या फर्मानाने देशी भाषेच्याच मुळावर घाव घातला होता.

आजच्या कुंभकोणम धर्मप्रांतातील एलाकुरिची येथे राहिलेल्या बेस्कीचे ‘तेंबावणी’ अधिक भाग्यवान. (कुंभकोणम तेव्हा तंजावरच्या मराठ्यांकडे होते, हा योगायोगच!) १७७३ मध्ये खुद्द पोपनेच संघ विसर्जित केला, तरी ते काव्य तमिळ लिपीत होते, संघाबाहेरचे पंडितही ते वाचू शकत. स्टीफन्सची ओवी ज्ञानेश्वरांच्या कुळातली. परंतु ती रोमन अक्षरांत छापली गेली. घाटावरच्या मराठी वाचकाला ते पान कोणत्याही बंदीवाचून बंदच होते.